कॉलमवरची तारीख

मी आठ लिहितो त्याला शेपूट लांब येते. शाळेत गुरुजींनी त्यासाठी छड्या मारल्या, तरी ती काही तुटली नाही. कॉलमवर गेरूनं लिहिलेला आठ लांबून दिसला की साइटवरची माणसं म्हणतात, सदाभाऊ येऊन गेला. मी सदानंद रोकडे, राहणार खर्डी. बांधकामावर सुपरवायझर आहे, एकवीस वर्षं झाली.

स्लॅब भरला की त्याच्या खालचे टेकू किती दिवसांनी काढायचे, याचा नियम असतो. पोर्चसारखा पुढं आलेला, खाली कॉलम नसलेला स्लॅब असेल तर आमच्याकडे चौदा दिवस. त्याआधी काढले तर काँक्रीट कच्चं असतं आणि ते खाली येतं. म्हणून मी जवळच्या कॉलमवर दोन तारखा लिहायचो. भरला अमुक, खोलणे अमुक. खोलणे म्हणजे टेकू आणि प्लेटा काढून घेणे. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. वहीत लिहिलेलं वही उघडणाऱ्यालाच दिसतं, आणि टेकू काढणारा माणूस वही उघडत नाही.

तो माणूस म्हणजे धर्मा. सिद्धगडच्या रस्त्याला, मुरबाडपासून चौदा किलोमीटर आत त्याचं गाव. वय अडतीस, शाळा चौथीपर्यंत, पण टेकू-प्लेटांच्या, म्हणजे शटरिंगच्या कामात त्याचा हात धरणारा तालुक्यात नाही. त्याच्यासोबत त्याचा धाकटा भाऊ कोंडू आणि आणखी दोघं असायचे. कोंडू तिशीचा, लग्न होऊन चार वर्षं झालेली, तोंडानं फटकळ. टेकूचा पहिला पाना नेहमी तोच फिरवायचा. अकरा वर्षं ही जोडी माझ्याकडे होती आणि अकरा वर्षांत धर्मानं माझ्या तारखेच्या आधी एक खिळा काढला नाही.

आता वरची उतरंड सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्याच सिद्धगडच्या रस्त्याला, धर्माच्या गावाच्या अलीकडे, श्रीमंतांसाठी बंगल्यांची स्कीम चालली होती. मालक मुंबईचा. त्याच्या खाली आमची ठाण्याची कंपनी, कंपनीच्या खाली लेबरचा ठेकेदार, आणि ठेकेदाराच्या खाली धर्मा. कंपनीतर्फे हे काम सांभाळायचा प्रोजेक्ट मॅनेजर विपुल. बत्तीस वर्षांचा, बोलायला गोड, आठवड्यातून एकदा साइटवर यायचा आणि चिखल बघून पाय टाकायचा. त्यानं मोबाइलवर एक ग्रुप केला होता. रोज संध्याकाळी सहाच्या आत त्या ग्रुपवर मी रिपोर्ट टाकायचा, आज काय काय झालं. ठाण्याच्या ऑफिसात भिंतीवर मोठा पडदा आहे. त्यावर प्रत्येक कामाचा एक चौकोन. वेळेत झालं तर हिरवा, नाहीतर लाल. लाल झाला की सोमवारच्या मीटिंगमध्ये विपुलची हजेरी घेतली जायची, आणि मंगळवारी तो माझी घ्यायचा.

त्या ग्रुपमध्ये मालकाची माणसं होती, ठाण्याची होती, मी होतो. धर्मा नव्हता. ठेकेदाराच्या खालच्या माणसाला ग्रुपमध्ये कोण घेतो? त्याच्यापर्यंत पोचायची एकच चिठ्ठी होती, ती मी कॉलमवर लिहायचो.

आणि आमच्यात एक रीत पडली होती. आगाऊ रिपोर्ट. उद्या सकाळी होणारच असलेलं काम आज संध्याकाळी झालं म्हणून टाकून द्यायचं. चौकोन हिरवा होतो, मॅनेजरची झोप शाबूत राहते, आणि सकाळी काम झालं की खोटं आपोआप खरं होतं. मी एकटाच करायचो असं नाही, सगळे करायचे. असली शेकडो खोटी मी खरी होताना पाहिली होती. त्यामुळे मला त्याची भीतीच उरली नव्हती. हरामखोर सवय, दुसरं काय म्हणू.

फेब्रुवारीच्या चार तारखेला, मंगळवारी, स्कीमच्या क्लबहाऊसचा पोर्च भरायचा होता. सळया बांधून तयार, माणसं सकाळी सातपासून उभी. काँक्रीट पंपानं वर चढवायचं होतं आणि पंपच आला नाही. दुपारी दोनला कळलं, तो दुसऱ्या साइटवर गेलाय, तिथला स्लॅब आमच्या चौपट आहे. काँक्रीट पुरवणारा प्लँटवाला म्हणाला, उद्या नक्की देतो.

पावणेसहाला विपुलचा फोन.

"रोकडे, पोर्च आज हिरवा पाहिजे. उद्या मालकांचा रिव्ह्यू आहे."

"सर, भरलाच नाही. पंप नाही आला."

"उद्या भरताय ना? एका दिवसानं काय होतंय. टाकून द्या. फोटो मात्र टाका, हल्ली फोटो मागतात."

मला राग आला, पण तो पंपवाल्याचा. विपुलचं मला काहीच वावगं वाटलं नाही. मी गेल्या आठवड्यात भरलेल्या पाच नंबर बंगल्याच्या स्लॅबचा फोटो टाकला. मग गेरूचा डबा घेतला आणि पोर्चच्या मागच्या कॉलमवर लिहिलं, भरला ४, खोलणे १८. त्याचाही फोटो काढला. फोटोच्या वरच्या कोपऱ्यात पोर्चच्या उघड्या सळया दिसत होत्या, काँक्रीटचा थेंब नसलेल्या. ठाण्यात कुणी तो फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला असता तर ही गोष्ट तिथंच संपली असती. सहा वाजता चौकोन हिरवा झाला आणि विपुलनं खाली अंगठा पाठवला.

बुधवारी पंप आला नाही. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही. रोज वाटायचं उद्या येईल, एकदोन दिवसांचाच तर फरक, कशाला पुसा. तो आला रविवारी, नऊ तारखेला, कारण रविवारी त्या मोठ्या साइटला सुट्टी होती. दुपारपर्यंत स्लॅब भरून झाला. धर्माची माणसं तेव्हा आमच्याकडे नव्हती, शटरिंग बांधून देऊन ती चार तारखेच्या आधीच सरळगावच्या कामावर गेली होती, खोलायलाच परत येणार होती. मी ओला फडका घेऊन कॉलमपाशी गेलो आणि पुसण्याआधी, माझी अक्कल बघा, विपुलला फोन लावला.

"सर, तारीख बदलतोय. नऊ आणि तेवीस."

"आता नको हो. बुधवारी मालकांचा माणूस पाहणीला येतोय. त्यानं ग्रुपवरचा फोटो पाहिलाय. तो जाऊ दे, मग बदला. नाहीतरी तुम्ही तिथंच आहात."

नाहीतरी मी तिथंच होतो. मी समोर असताना धर्मा मला विचारल्याशिवाय हात लावत नसे. माझा जीव भांड्यात पडला आणि फडका मी बादलीत टाकला. बुधवारी तो माणूस आला, कॉलमवर हात मारून गेला. गुरुवारी सकाळी विपुलनं मला शहापूरला पाठवलं. तिथं गोदामाचं काम चालू होतं आणि तिथला सुपरवायझर काम सोडून गेला होता. आजच्या आज जा म्हणाला. मी गेलो.

आणि विसरलो. याला दुसरा शब्द नाही. गोदामाची फरशी, तिचा उतार, तिथल्या मुकादमाची भांडणं, यात पाच दिवस गेले आणि तो कॉलम एकदाही माझ्या डोळ्यासमोर आला नाही.

अठरा तारखेला सकाळी नऊ वाजता शहापूरच्या साइटवर हजेरीची वही घेतली आणि वर तारीख लिहिली. एक, मग आठ. आठाची शेपूट खाली ओढता ओढता पोर्चमागचा कॉलम आठवला.

धर्माला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तिसऱ्यांदा लावला. कामाला लागताना धर्मा फोन गाडीच्या डिकीत ठेवतो, हे मला माहीत होतं, तरी लावत राहिलो. विपुलला लावला, त्याचा मेसेज आला, मीटिंगमध्ये आहे. मग मी गाडीला किक मारली. शहापूरहून तिकडं जायला दीड तास लागतो. सरळगावच्या अलीकडे खिशात फोन वाजला. ठेकेदार होता.

"सदाभाऊ, पोर्च आला खाली. कोंडू खाली होता."

मी पोचलो तेव्हा कोंडूला नेलं होतं. वाचवायला नाही, नुसतं नेलं होतं. स्लॅबचा तुकडा तिरका पडला होता आणि एका वाकलेल्या टेकूला कोंडूचा पाना तसाच अडकून राहिला होता. धर्मा रेतीच्या ढिगावर बसला होता. त्याचे हात कोपरापर्यंत सिमेंटनं पांढरे झाले होते आणि बोटांची कातडी सोलली होती. त्यानं एकट्यानं उपसायचा प्रयत्न केला होता. सोबतचे दोघं लांब जाऊन उभे होते. त्याच संध्याकाळी ते आपल्या मुलखाला निघून गेले, पुन्हा दिसले नाहीत.

धर्मानं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा आपल्या हातांकडे बघायला लागला.

साडेबाराला विपुल आला. ह्या वेळी चिखल न बघता आला. पोलीस कोंडूसोबत मुरबाडला गेले होते, दोन वाजता पंचनाम्याला परत येणार होते. विपुलनं मला सिमेंटच्या गोडाऊनमागं नेलं.

"कॉलमवर तारीख कुठली आहे?"

"अठरा."

त्यानं आजूबाजूला कुणी नाही हे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "प्लँटच्या चलनावर नऊ तारीख आहे. आपल्या रजिस्टरला नऊ आहे. खरी तारीख नऊच आहे ना? मग आपल्याला खरंच बोलायचंय. नऊला भरला, तेवीसला खोलायचा होता, त्यानं अठराला खोलला. कॉलम तेवढा साफ करा."

"आणि ग्रुप?"

"तो मी बघतो. रोकडे, कॉलमवर अक्षर तुमचं आहे. सगळे ओळखतात."

हे शेवटचं तो धमकी दिल्यासारखं बोलला नाही. काळजीनं बोलला. मला खर्डीचं घर दिसलं, बारावीतली माझी श्वेता दिसली, हातात बेड्या दिसल्या. मी तारेचा ब्रश घेतला आणि तो गेरू खरवडला. गेरू सहज जातो. तरी आठाची शेपूट काँक्रीटच्या एका खड्ड्यात बसली होती, ती निघेना. म्हणून वरून सिमेंटचं पाणी फिरवलं. दोन वाजेपर्यंत उन्हानं ते वाळून एकजीव झालं. एवढं चोख काम मी त्या साइटवर दुसरं केलं नसेल.

पोलिसांना मी जबाब दिला. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. स्लॅब नऊला भरला, चलन हे. चौदा दिवसांचा नियम आहे. धर्मानं मला न विचारता नवव्या दिवशी खोलला. विचारलं नव्हतंच त्यानं, मी तिथं नव्हतो. खाली सही केली.

धर्मानं पोलिसांना सांगितलं होतं की कॉलमवर अठरा लिहिलेलं होतं, मी वाचलं. पोलिसांनी जाऊन कॉलम बघितला, त्यावर काहीच नव्हतं. मग त्याला चलन दाखवलं, नऊ तारखेचं. त्याला नेताना पोलीस ठाण्याच्या फाटकाशी आमची गाठ पडली. तो थांबला.

"सदाभाऊ, तुमी कॉलमवर काय लिवलं होतं?"

बाजूला विपुल उभा होता. खरं सांगायचं तर विपुल नसता तरी मी तेच बोललो असतो.

"तेवीस," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. "मंग मलाच चुकीचं दिसलं," म्हणाला, आणि शिपायाच्या मागं निमूट गेला. वाद घातला असता, शिवी दिली असती तर बरं झालं असतं. अकरा वर्षं माझी तारीख चुकली नव्हती, त्यामुळे त्यानं आपले डोळे खोटे मानले.

अकरा दिवसांनी तो जामिनावर सुटला. केस उभी राहिली, त्याच्या हलगर्जीपणानं माणूस मेला म्हणून. विपुलनं जुना ग्रुप बंद करून नवा काढला. एकदा फोनवर म्हणाला, "रोकडे, तुम्ही टीमचे माणूस आहात, हे वर सांगितलंय मी." मी हो सर म्हणालो आणि फोन ठेवून हजेरीची वही उघडली.

शहापूरच्या साइटवर धर्माच्या गावचा भगीरथ गवंडीकाम करायचा. मी विचारायचो नाही, पण तो आपणहून सांगायचा.

"धर्मा कामाला जात नाय. कॅलेंडर हातात घेऊन त्यावर बोट ठेवून बसतो. म्हणतो, अठरा नि तेवीस सारखं दिसतं का रे? धोंडूबाई त्याच्याशी बोलत नाय. एका घरात राहतात, पण तिनं एका शब्दानं हाक मारली नाय पोराला. कोंडूची बायको माहेरी गेली, जाताना दारातून ओरडली, दिवस मोजता येत नव्हते तर भावाला कशाला घातलास खाली."

धोंडूबाई म्हणजे त्या दोघांची आई. तिच्या हातची भाकरी मी त्यांच्या घराच्या ओट्यावर बसून कितीदा खाल्ली असेल. मला सदा म्हणायची, मी मावशी म्हणायचो.

धर्मा तुरुंगात जाईल की सुटेल, हे कोर्ट बघेल, असं मी स्वतःला समजावलं होतं. पण भगीरथ सांगत होता ते कोर्टाच्या हातात नव्हतं. आपण आपल्या भावाला मारलं असं तो माणूस धरून बसला होता, त्याची आई धरून बसली होती, आणि तसं झालेलं नाही हे ज्याला पक्कं माहीत होतं, असा माणूस तालुक्यात एकच होता. तो रोज शहापूरला हजेरी घेत होता.

तरीही मी गेलो नाही. महिना गेला. मला चांगला माणूस समजू नका.

मार्च संपत आला तेव्हा एका संध्याकाळी श्वेताच्या आधार कार्डाचा फोटो हवा होता. माझी बायको रश्मी माझ्या फोनमध्ये तो शोधत होती. शोधता शोधता तिचं बोट थांबलं.

"हे काय आहे?"

पोर्चमागचा कॉलम. भरला ४, खोलणे १८. सगळं खरवडून काढणाऱ्या माझ्या हातानं फोनमधला फोटो पुसला नव्हता. का नाही पुसला, मला सांगता येत नाही. रोज रात्री ठरवायचो आणि रोज राहून जायचं.

रश्मीनं फोटो मोठा केला. आमच्या घरात माझा आठ कोण ओळखणार नाही?

"तुमी म्हणाला होतात, तिथं तेवीस लिवलं होतं."

मी फोनसाठी हात पुढं केला.

"आणि वर नुसत्या सळया दिसतायत. स्लॅब कुठंय?"

मी तिला सगळं सांगितलं. पंप, हिरवा चौकोन, ब्रश, फाटकापाशी बोललो तो एक शब्द. तिनं मधे अडवलं नाही. समोर भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. सांगून झाल्यावर मी म्हणालो, "माझी नोकरी जाईल. मला आत घालतील."

"घालतील," ती म्हणाली. "मी रडेन, श्वेता रडेल. पण त्या बाईचं एक पोर गेलं, आणि दुसरं घरात असून तुमी तिच्याकडनं काढून घेतलंत." मग तिनं फोन माझ्या हातात दिला आणि आत जाऊन कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साइटवर न जाता सरळ धर्माच्या गावी गेलो.

धर्मा ओट्यावर बसला होता. दाढी वाढलेली, अंग अर्ध्यावर आलेलं. मला बघून उठला, सवयीनं. आतून धोंडूबाईच्या भांड्यांचा आवाज येत होता. त्याच्या बाजूला झाकलेलं ताट होतं, कालचंच असावं. भाकरी कडक झाली होती. ती ताट ठेवायची, हाक मारायची नाही. हाक मारली नाही म्हणून तो जेवायचा नाही.

"बसा, सदाभाऊ," तो म्हणाला. मग एकदम म्हणाला, "बरं झालं आलात. एक इचारायचं होतं. त्या दिवशी सकाळी तुमचे तीन फोन आलेले. डिकीतनं फोन काढला तवा पायले. मला वाटलं, पडल्याचं कळलं म्हणून केलेत. काल बघितलं तर टाइम नऊ पाचचा हाय. पोर्च पडला साडेनवाला." तो माझ्याकडे बघत राहिला. "तुमाला आधी कसं कळलं?"

मी ठरवून आलो होतो काय काय बोलायचं. ते बाजूला ठेवलं. फोन काढला, तो फोटो उघडला आणि त्याच्या हातात दिला.

धर्मानं फोन डोळ्याजवळ नेला. बराच वेळ बघितलं. मग ते सोललेलं, आता नवी कातडी आलेलं बोट फोटोतल्या आठावर हळूच टेकवलं आणि शेपटीवरून खाली ओढत नेलं.

"ह्योच," तो म्हणाला. "ह्योच आठ. मला बरोबर दिसलं होतं."

आणि तो रडायला लागला. महिनाभर त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. मी म्हणालो, "तुझी चूक नव्हती, धर्मा. तारीख खोटी होती. मी लिहिली. नंतर मीच खरवडली. आणि फाटकाशी तुला खोटं बोललो." एकेक वाक्य तोडून टाकत होतो, कारण एकदम बोललो असतो तर त्यात कुठंतरी विपुलचं नाव आधी आलं असतं. ते मी शेवटी सांगितलं.

तो मला मारेल असं वाटलं होतं. मारलं असतं तर मी हात वर केला नसता. त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

"कोंडूला म्हाईत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"रैवारी नऊ तारखेला तो लग्नाला गेलता. रस्त्यावरनं त्यानं पंप बघितला, आपल्या पोर्चवर चालू. अठराला सकाळी मला बोलला, दादा, ह्यो रैवारी भरलाय, मी बघितलाय, अजून कच्चा असंल, सदाभाऊला फोन लाव." तो थांबला. "मी त्याला शिवी घातली. म्हटलं, कॉलमवर अठरा लिवलंय ते दिसत नाय का? सदाभाऊ चुकतो काय? तू काय इंजिनियर लागलास? तो हसला. म्हटला, बरं बाबा, तुझा सदाभाऊ मोठा. नि पाना घेऊन खाली गेला."

फोन अजून धर्माच्या हातात होता.

आतला भांड्यांचा आवाज कधीचा थांबला होता. धोंडूबाई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती ओट्यावर आली, धर्माच्या हातातून फोन घेतला, उलटा सुलटा करून बघितला. तिला वाचता येत नाही.

"यात काय हाय?" तिनं मला विचारलं.

"माझ्या हातची तारीख आहे, मावशी. खोटी."

"मंग ह्यानं दिवस बरोबर मोजले होते?"

"बरोबर मोजले होते."

तिनं फोन माझ्याकडे दिला. मग वाकून ते कालचं ताट उचललं आणि आत गेली. थोड्या वेळानं आतून तिची हाक आली. "धर्मा. ताजी भाकरी टाकली. ये."

तो पहिल्या हाकेला उठला नाही. आपल्यालाच हाक मारली का, असं त्यानं माझ्याकडे बघितलं. तिनं पुन्हा हाक मारली. तेव्हा तो उंबऱ्याला हात टेकत आत गेला.

धोंडूबाई एकदाच बाहेर डोकावली. "सदा, त्याचं खाऊन होईतो तितंच बस. मंग दोघं पोलिसात जा. जे मला सांगितलंस तेच तितं सांग." तिच्या आवाजात राग नव्हता. माझ्यासाठी काहीच नव्हतं त्या आवाजात. मी हो म्हणालो. त्या घरी मला चहा घेणार का असं कुणी न विचारण्याची ती पहिलीच वेळ होती. मी ओट्यावर बसून राहिलो. आत धर्मा जेवत होता आणि मधेच हुंदका आला की त्याचा घास थांबायचा.

अर्ध्या तासानं तो सदरा बदलून आला आणि माझ्या गाडीवर मागं बसला. वाटेत स्कीमचं फाटक लागलं. आत नवा पोर्च बांधायला घेतला होता, टेकू लावलेले दिसत होते. कुठल्या कॉलमवर कोण तारीख लिहीत असेल, कोण जाणे. मी गाडी हळू केली नाही. फाटक मागं पडल्यावर धर्मा पहिल्यांदा बोलला.

"सदाभाऊ, त्या चार तारखेला पंप का नाय आला?"

"दुसरीकडं गेला होता. तिथला स्लॅब मोठा होता."

"येवढंच?"

"एवढंच," मी म्हणालो.

मुरबाड अजून नऊ किलोमीटर होतं.